तीर्थनची ट्राउट आणि डी नदीचा सॅमन, एकाच रॉडवर? सविस्तर सांगतो

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्याच्या कोलशेतचा एक तरुण आहे, लहानपणी काकाबरोबर कशेळीच्या खाडीवर गरवायला बसायचा, आता मे महिन्यात मित्रांसोबत हिमाचलला तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे धरायला चाललाय आणि सप्टेंबरपासून ऑफिसच्या कामानं वर्षभर स्कॉटलंडला ॲबर्डीनमध्ये राहणार आहे. तिथं सॅमन मासा धरायचाच असं डोक्यात आहे. ऑनलाइन त्याला फ्लाय फिशिंगचा एक सेट दिसलाय, ९ फूट, ८ नंबर, वर लिहिलंय ‘सॅमन आणि ट्राउट दोन्हीसाठी’, रॉड रील लाइन सगळं एकत्र, सूटही चांगली. घेऊ का, एकात दोन्ही भागेल ना, असं विचारतोय.

नको घेऊस. वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आत्ता ९ फूट ५ नंबरचा एक बरा रॉड घे, चार तुकड्यांचा, मध्यम ॲक्शनचा (नंबर आणि ॲक्शन म्हणजे काय ते पुढं सांगतो), आणि सॅमनचा रॉड विकत घ्यायचा विचार ॲबर्डीनला जाऊन तिथल्या पाण्यात दोन-चार दिवस उभा राहिल्याशिवाय करूच नकोस. उत्तर एवढंच आहे, पण कारण कळलं नाही तर उद्या दुसऱ्या कुठल्या तरी सेटवर बोट ठेवशील, म्हणून पुढचं सगळं लिहितोय.

मी जहाजावर इंजिनिअर होतो, नंतर बरीच वर्षं उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मना सामान पोचवणाऱ्या सप्लाय बोटींवर काढली, ॲबर्डीन हे आमचं बंदर. बोट बंदरात लागली आणि दोन दिवस मिळाले की आमच्यातले दोघं-तिघं सरळ नदीवर. डॉन नदीवर मी ट्राउट शिकलो, डी नदीवर सॅमन. दोन्ही नद्या त्या एकाच शहरात समुद्राला मिळतात, मध्ये चार-पाच किलोमीटरचं अंतर नाही, पण दोन्हीकडं नेण्याचं सामान पूर्ण वेगळं. आता नेरूळला असतो, वर्षाआड हिमाचलला जातो आणि रविवारी सकाळी तीन-चार जणांना कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, शिकवतो.

तर मूळ मुद्दा. तू गरी टाकलेली आहेस, तिथं काय होतं, शिसं जड असतं, शिसं पुढं जातं आणि दोरा त्याच्या मागनं ओढला जातो. फ्लायमध्ये नेमकं उलटं आहे. फ्लाय म्हणजे हुकावर गुंडाळलेली पिसं आणि केस, वजन जवळपास नाहीच, तळहातावर घेऊन फुंकर मारली तर उडून जाईल. ती पंचवीस-तीस फूट लांब जाणार कशी? म्हणून इथं लाइनच वजनदार असते, आतमध्ये दोरा आणि वर जाडसर प्लॅस्टिकचा लेप, आणि आपण फेकतो ती लाइन, फ्लाय नुसती तिच्या शेपटाला बांधून जाते. रॉड म्हणजे स्प्रिंग. मागं फेकलेली लाइन हवेत सरळ झाली की तिच्या वजनानं रॉड वाकतो आणि पुढं येताना ते वाकलेपण लाइनला ढकलून देतं. म्हणजे रॉडचं आणि माशाचं नातं नंतरचं, पहिलं नातं रॉडचं आणि लाइनचं.

म्हणूनच रॉडवर कॉर्कच्या मुठीच्या थोडं वर जो आकडा लिहिलेला असतो तो माशाचं वजन नाही की रॉडची ताकद पण नाही, तो लाइनचा नंबर आहे. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, ५ नंबरच्या लाइनला १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, सोनाराच्या आजच्या तोळ्याला थोडं कमी. ८ नंबरला २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. बरोबर दीडपट. आता लाइनचा नंबर कशावर ठरतो तर केवढी फ्लाय किती लांब न्यायची आहे त्यावर, आणि ती फ्लाय कशावर ठरते तर नदीवर आणि मासा काय खातो त्यावर. हा क्रम पाठच कर, नदी, मग फ्लाय, मग लाइन, आणि सगळ्यात शेवटी रॉड. दुकानात मात्र सगळे रॉडपासून सुरुवात करतात, तिथंच गाडी चुकते.

हाच क्रम तीर्थनला लावून बघ. ही ट्राउट मुळात आपल्याकडची नाही, इंग्रजांनी आणलेली, काश्मिरात १९०० च्या सुमारास आणि कुलू भागात १९०९ मध्ये, आणि त्या थंड पाण्यात ती अशी रुजली की आता तिथलीच झाली. गुशैणीच्या वर तीर्थन म्हणजे मोठमोठे धोंडे, प्रत्येक धोंड्यामागं हात-दोन हात शांत पाणी, ट्राउट त्या आडोशाला तोंड प्रवाहाकडं करून उभी असते आणि बाजूच्या धावत्या पाण्यातून वाहत येणारे किडे टिपत असते. बहुतेक मासे वीतभर ते फूटभर, त्यापेक्षा मोठा मिळाला तर नशीब. फ्लाय १४-१६ नंबरची (हा हुकाचा नंबर, लाइनचा नव्हे), हरभऱ्याएवढी. मागं झाडं, वर फांद्या, उभं राहायला धड जागा नाही. तुझं कास्ट २५ फुटांच्या पुढं क्वचितच जाईल, आणि त्या २५ मधले ९ फूट तर लीडरचेच (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा), म्हणजे लाइन रॉडच्या बाहेर १५-१६ फूटच असणार. आता विचार कर, ३० फूट जड लाइनवर वाकायला बनवलेला ८ नंबरचा कडक रॉड १५ फुटांवर वाकेल का? नाही वाकत. मग माणूस हातानं जोर लावतो, लाइन थपकन पाण्यावर पडते आणि त्या आडोशातली ट्राउट गेलेली असते, दिवसभर तुला वाटत राहतं की नदीत मासेच नाहीत.

दुसरी गोष्ट टिपेटची, हे लोक विसरतात. लीडरच्या टोकाला जो बारीक दोरा असतो तो टिपेट, त्याची जाडी एक्समध्ये सांगतात. हिशोब सोपा आहे, ११ मधून एक्सचा आकडा वजा कर, जे येईल ते इंचाचे हजारावे भाग. ५ एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, ०.१५ मिलिमीटर, दोन केस शेजारी ठेवावेत एवढा. स्वच्छ पाण्यात ट्राउटसाठी एवढा बारीक लागतोच. हा दोरा तुटू नये म्हणून झटका रॉडच्या टोकानं खायचा असतो. मऊ टोक झटका खातं, कडक टोक नाही.

हे मला सांगून कळलं नव्हतं. डॉनवरची जूनची संध्याकाळ, तिकडं जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, समोरच्या काठाजवळ एक ट्राउट दर मिनिटाला वर येऊन किडा घेत होती, पाण्यावर नुसतं वर्तुळ उठायचं, आवाज सुद्धा नाही. माझ्या हातात उसना ८ नंबरचा रॉड. चौथ्या-पाचव्या फेकीला तिनं फ्लाय घेतली, मी रॉड उचलला आणि टक्. हाताला फक्त एक छोटासा टक् लागला आणि लाइन सैल. टिपेट तुटलं. नवीन बांधलं, अर्ध्या तासानं दुसरी ट्राउट, परत तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा शेजारी उभा असलेला आमचा चीफ ऑफिसर काही न बोलता आला, माझ्या हातातला रॉड काढून घेतला आणि स्वतःचा जुना ५ नंबर हातात दिला. त्याच टिपेटवर त्याच संध्याकाळी दोन मासे काठाला आले. तोंडात हुक अडकलेले तीन मासे माझ्या चुकीच्या रॉडमुळं गेले याचं मला आजही वाईट वाटतं, तेव्हापासून मी हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडनं दाबूनच वापरतो, म्हणजे तुटलं तरी माशाला तो झटकून टाकता येतो.

आता सॅमन. इथं सगळं गणितच बदलतं आणि ते का बदलतं ते बघण्यासारखं आहे. अटलांटिक सॅमन समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरला की खाणं बंद करतो. पोट भरलेलं नसतं, पण तो खातच नाही, समुद्रात साठवलेल्या चरबीवर महिनोन्‌महिने काढतो. म्हणजे ट्राउटसारखं अमुक धोंड्यामागं अमुक किडा नेऊन ठेवायचा, हा प्रकारच नाही. तो चिडून, सवयीनं की कुतूहलानं फ्लाय पकडतो यावर स्कॉटलंडच्या पबमध्ये रात्र-रात्र वाद चालतात. करायचं काय तर पाण्याचा प्रत्येक तुकडा चाळायचा. तिरकं, प्रवाहाच्या खालच्या अंगाला ४५ अंशात लाइन टाकायची, फ्लायला नदीच्या आडवी सावकाश फिरू द्यायची, काठाजवळ आली की दोन पावलं खाली सरकायचं आणि परत तेच. दिवसभर. शंभर-दोनशे वेळा ६०-७० फूट लाइन टाकायची, कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उभं राहून, आणि मागं काठावर झाडं किंवा उंच दरड असल्यामुळं लाइन मागं फेकायला जागाच नाही.

यावर तिथल्या लोकांनी जे उत्तर शोधलं ते म्हणजे दोन हातांचा लांब रॉड, १३ ते १५ फूट, आणि स्पे कास्ट. ‘स्पे’ हे नदीचं नाव आहे, तिच्या काठी ही पद्धत रुळली. यात लाइन मागं फेकतच नाहीत, तिचं टोक क्षणभर आपल्या बाजूला पाण्यावर टेकवतात, पाणी तिला धरून ठेवतं आणि त्या पकडीवर रॉड वाकवून लाइन पुढं गुंडाळत सोडतात. दोन हातांनी केल्यामुळं खांदा टिकतो. एका हाताच्या ८ नंबरवर ७० फूट दिवसभर टाकून बघ, जेवणाच्या सुट्टीपर्यंत दंड भरून येईल आणि संध्याकाळी चमचा धरवणार नाही.

आणि हा मुद्दा तर ठळक अक्षरात लिहायला पाहिजे, एका हाताच्या रॉडचा ८ नंबर आणि दोन हातांच्या रॉडचा ८ नंबर हे दोन वेगळे आकडे आहेत. एका हाताच्या ८ ला २१० ग्रेन म्हटलं ना, दोन हातांच्या ८ नंबरवर ५०० ग्रेनच्या वरची लाइन चढते. दुप्पट नाही, त्याहून जास्त. नाव एकच, वजन निराळं. त्यामुळं कोणी सांगितलं की डी नदीवर आम्ही ८ नंबर वापरतो, तर तो तुझ्या सेटमधला ८ नंबर नव्हे. मी नेरूळमध्ये दोन जणांना याच गोंधळात चुकीची लाइन मागवताना बघितलंय, परदेशातून मागवलेली, परत करायची सोय नाही, नुसती पेटीत पडून आहे.

मग ट्राउटचाच रॉड घेऊन सॅमनला गेलं तर? अडकला तर अडकला, काढू हळूहळू, असं म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही आणि याबाबत मी जरा कडक आहे. पाच-सहा किलोचा सॅमन ५ नंबरवर अर्धा-अर्धा तास खेळवत बसलं तर त्याच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठत जातं, तो पूर्ण दमतो, आणि नंतर आपण हात ओले करून अगदी प्रेमानं सोडला तरी थोड्या अंतरावर जाऊन मरू शकतो. डी नदीवर सॅमन सोडूनच द्यायचा असतो, तसाच तिथला दंडक आहे, आणि अख्ख्या उत्तर अटलांटिकमध्ये हा मासा कमी होत चाललाय. नॉर्वेत २०२४ मध्ये इतके कमी सॅमन आले की जूनमध्ये, ऐन मोसमात, ३३ नद्यांवरची मासेमारी थांबवावी लागली. अशा वेळी रॉड पुरेसा ताकदवान असणं हा माशाच्या जिवाचा प्रश्न आहे, लवकर आणायचा, पाण्यातच हुक काढायचा, तोंड प्रवाहाकडं करून धरायचा आणि तो स्वतःहून शेपूट मारून निघाला की हात सोडायचा.

एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर तिकडं गेल्यावर म्हणशील काकांनी हे सांगितलंच नाही. उन्हाळ्यात डीचं पाणी खाली जातं, काचेसारखं होतं, तेव्हा लहान फ्लाय आणि तरंगती लाइन चालते. याच नदीवर केर्नटन नावाच्या ठिकाणी आर्थर वुड नावाच्या माणसानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला लाइनला ग्रीस लावून ती पाण्यावर तरंगत ठेवायची पद्धत बसवली आणि त्यावर ढिगानं सॅमन काढले, तेही एका हाताच्या रॉडवर. पण तो रॉड होता १२ फुटांचा. आजच्या काळात त्या पाण्याला १० फूट ७ किंवा ८ नंबर एका हाताचा छान चालतो. म्हणजे तुझ्या सेटमधला ८ नंबर अगदीच टाकाऊ नाही, पुढं कधी हिमालयात महसीरसाठी गेलास तर तोच नंबर लागेल. पण तुझ्या हातात येणारी पहिली नदी तीर्थन आहे, आणि ॲबर्डीनला पोचशील सप्टेंबरात.

सप्टेंबर म्हटल्यावर तारखा पण बघ. स्कॉटलंडात ब्राउन ट्राउटचा मोसम ६ ऑक्टोबरला संपतो, डीवर सॅमनचा १५ ऑक्टोबरला. रविवारी सॅमनची मासेमारी तिकडं कायद्यानंच बंद. म्हणजे सामान लावून, घर शोधून, ऑफिस सुरू करून तुझ्या वाट्याला पहिल्या वर्षी जेमतेम चार-पाच शनिवार. मग १ फेब्रुवारीला डी परत उघडते, तेव्हा पाणी इतकं गार असतं की लाइन ओवलेल्या रॉडच्या कड्यांवर बर्फ धरतो आणि जड, बुडणारी टोकं लावलेली लाइन लागते. या चार-पाच शनिवारांसाठी आत्ता इथं बसून दोन हातांचा रॉड कशाला मागवतोस? तिकडं नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, त्या-त्या बीटची परवानगी काढावी लागते, आणि बऱ्याच बीटवर घिली असतो, म्हणजे तिथला पाण्याचा जाणकार राखणदार. त्याला सांगितलं तर रॉड भाड्यानं मिळतो आणि तो स्पे कास्टचे पहिले धडे पण देतो. तीन वेगळे रॉड हातात घेऊन पाण्यात उभा राहा आणि मग ठरव. माझा पहिला दोन हातांचा रॉड मी १५ फुटांचा घेतला होता, मोठा म्हणजे चांगला या समजुतीनं, आणि दोन मोसमांनी विकून १३ फुटांचा घेतला, माझ्या उंचीला आणि खांद्याला तो बसतो.

हिमाचलला पण परवाना लागतोच, मत्स्य विभागाचा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट बंद असते कारण तो अंडी घालायचा काळ. मेमध्ये बर्फाचं पाणी उतरायला लागलेलं असतं, दुपारनंतर नदी चढते आणि दुधाळ होते, त्यामुळं सकाळी उजाडताच पाण्यावर जा, चहा नंतर पी.

आता तुझा ५ नंबर निवडताना काय बघायचं. ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. फास्ट रॉड फक्त टोकाकडून वाकतो, मध्यम रॉड अर्ध्यापर्यंत, स्लो तर मुठीपर्यंत. महागडे रॉड बरेचसे फास्ट असतात आणि दुकानदार तेच पुढं करतो, कारण ज्याला जमतं तो त्याच्यावर ८० फूट लाइन टाकून दाखवतो. तुला ८० फूट कुठं टाकायचीय? आधी सांगितलं तसं तुझ्या रॉडबाहेर १५ फूट लाइन असणार, त्यावर वाकणारा मध्यम ॲक्शनचा रॉड पाहिजे, शिवाय तो वाकलेला हाताला कळतो, आणि नवशिक्याला वेळ साधायला शिकवतो. दुकानात लोक छताला टोक टेकवून रॉड वाकवतात, काही कळत नाही त्यानं, लाइन चढवून बाहेर मोकळ्या जागेत टाकून बघितल्याशिवाय रॉड कळतच नाही. लांबी ९ फूटच घे. आठ फुटी ४ नंबर त्या झाडीत आणखी मजेचा आहे हे खरं, पण पुढं डॉनसारखी रुंद नदी मिळणार आहे, तिथं तो तोकडा पडेल, ९ फुटी ५ दोन्हीकडं चालून जातो. धोंड्यांमधून लाइन उचलून धरायला लांबीचा फायदाच होतो.

पैसे कमी पडत असतील तर रॉडमध्ये वाचव, लाइनमध्ये नको. साध्या कार्बनच्या रॉडवर चांगली लाइन सुंदर जाते, उत्तम रॉडवर भिकार लाइन जात नाही. सेटमध्ये फुकट मिळणारी लाइन बहुतेक वेळा गुंडाळीची वेटोळी तशीच ठेवून पाण्यावर पडते, स्प्रिंगसारखी. वेट फॉरवर्ड (म्हणजे जास्तीचं वजन पुढच्या भागात असलेली), तरंगती, ५ नंबर एवढं लक्षात ठेव. ट्राउटच्या रीलवर खर्च करू नकोस, ती फक्त लाइन ठेवायची जागा आहे, फूटभर ट्राउट कधी रीलपर्यंत येतच नाही, लाइन हातानंच ओढतो आपण. सॅमनला मात्र रीलचा ब्रेक कळीचा, तो मासा एका धावेत सगळी लाइन नेऊन तिच्या मागं रीलवर गुंडाळलेला जादाचा दोरा, म्हणजे बॅकिंग, दाखवतो.

कोकणात माणग्याची भरीव काठी वापरायचे बघ गरीला, वर्षानुवर्षं कौलांखाली टांगलेली असायची, काही व्हायचं नाही तिला. कार्बन तसा नाही. वाकवलास तर बराच वाकेल पण बाजूनं टोला बसला की आत बारीक तडा जातो, दिसत नाही, आणि पुढं कधीतरी साध्या फेकीला फाटकन जातो. रॉड माशानं फार कमी तुटतात. गाडीच्या दारात तुटतात, लिफ्टच्या दारात तुटतात, आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त सीलिंग फॅननं. नवीन रॉड आला की प्रत्येकजण हॉलमध्येच जोडून बघतो, ९ फूट रॉड आणि ९ फुटांवर स्लॅब. माझ्याच घरी माझ्या भाच्यानं मोठ्या हौसेनं जोडला, वर पंखा चालू, एक सेकंदात टोकाचे तीन तुकडे. पोरगं इतकं घाबरलं की मलाच त्याची समजूत काढावी लागली. म्हणून घ्यायच्या आधी विचार, टोकाचा तुकडा सुटा मिळतो का? इथं भारतात ते सोपं नाही, ज्या कंपनीचा मिळतो तोच घे, भले रंग आवडला नाही तरी.

चार तुकड्यांचा सांगितला तो प्रवासासाठी, ९ फुटी रॉड घडी केल्यावर सव्वादोन फुटांच्या वर थोडा, चंदीगडपासून पुढं औट, बंजारपर्यंतच्या बसमध्ये पायाशी मावतो. जोडताना तुकडे समोरासमोर न ठेवता पाव वळणाच्या अंतरावर अलगद घालायचे आणि फिरवत कडी एका रेषेत आणत घट्ट करायचे, दर तासाभरानं हात लावून बघायचं की सैल झालेत का, सैल जोडावरच रॉड फुटतो. आणि नवी मुंबईच्या हवेत एक गोष्ट अजिबात करू नकोस, ओला रॉड नळीत बंद करून ठेवू नकोस. पावसाळ्यात आठ दिवसांत कॉर्कच्या मुठीवर हिरवी बुरशी, कड्यांच्या पायाशी गंज, आणि वार्निशखाली फोड येतात. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धू, पंखा बंद करून टेबलावर आडवा पसर, एक दिवस वाळू दे, मगच कापडात आणि नळीत. जूनमध्ये मी नळीचं झाकण उघडंच ठेवतो.

मेच्या आधी तुझ्याकडं जेवढे रविवार आहेत तेवढे कास्टिंगला दे. पाणी लागत नाही, गवताचं मैदान पुरतं, हुक लावायचाच नाही, लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा म्हणजे दिसतो. मागं फेकल्यावर थांबायचं, मान वळवून बघायचं, लाइन सरळ झाली की मग पुढं. सगळे इथंच घाई करतात, लाइन मागं अजून गोल असतानाच पुढं ओढतात आणि चाबकासारखा फट्‌ आवाज येतो, तो आवाज आला की समज फ्लाय तुटून गेली. २५ फूट, पण दहातली नऊ वेळा एका ताटाएवढ्या जागेत, एवढं जमलं की तीर्थनला जायला तयार. आणि मैदान निवडताना वर बघ. ऐरोली-घणसोली पट्ट्यात हाय टेन्शनच्या तारा कुठून कुठं जातात तुला माहितीये, कार्बनमधून वीज जाते, तारेच्या आसपास नऊ फुटांचा कार्बन उभा धरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. तसंच मेअखेरीस ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवायचा आणि त्याच्यापासून लांब जायचं, मग नदीत मासा कितीही उडत असो.

या रविवारी सकाळी साडेसहाला नेरूळला आमच्या मैदानावर ये, ऊन चढायच्या आत आटपतो आम्ही. माझे ५ आणि ८ दोन्ही आणून ठेवतो, एकाच लोकरीच्या तुकड्यानं दोन्हीवर पंधरा फूट लाइन टाकून बघ, हाताला काय फरक लागतो ते कळेल, मग ऑर्डर दे. दोन हातांचा पण दाखवतो, पण गवतावर स्पे कास्ट होत नाही नीट, त्याला पाण्याची पकड लागते. गॉगल आणि टोपी घेऊन ये, लोकर असली तरी डोळ्याला लागते.